झोपाळ्यावर कोण बसतं?

आतोबांची मोठ्ठी गाडी येणार म्हणून केतकीनं बाबांची सायकल जिन्याखाली गोधडीत लपवली. बाबा सायकलवर ऑफिसला जातात, याची तिला भयंकर लाज वाटायची.

पण आतोबांनी येताच गोधडी उचकटली. "मुकुंदा, हे भंगार अजून चालवतोस? विकून टाक हे घराचं खुराडं, ये आमच्याकडे गावाबाहेर. बंगला आहे, अंगणात झोपाळा आहे!"

केतकीला तोंड कुठं लपवू असं झालं.

बाबा गोडीत म्हणाले, "वा दाजी! रोज बसत असाल झोपाळ्यावर?"

"कुठलं रे! पहाटे गाडीत बसायचं, रात्री उतरायचं. झोपाळ्यावर मांजर बसतं."

"म्हणजे बंगल्यात राहतं मांजर, आणि तुम्ही राहता गाडीत!"

आतोबांसोबत आलेली आत्या फिस्सकन हसली. आतोबांचा चेहरा पडला.

केतकीला आता गोधडीचीच लाज वाटली. तिनं सायकल बाहेर काढली, पुसली आणि बरोब्बर त्या गाडीच्या पुढ्यात लावली.