कौसाबाईची घंटी

"...म्हणजे दीक्षा मिळणार की नाही, तेवढं सांगा बाबा."

दिगंबरने हे तिसऱ्यांदा विचारलं. केरूबाबा मठाच्या पारावर बसून शेंगा सोलत होते.

बाबा मठात येण्याआधी वायरमन होते. दिगंबर तारांचं काम त्यांच्याच हाताखाली शिकला, पुढे त्याने तालुक्याला दुकान टाकलं. पावसाळ्याआधी धाकट्या भावाशी, मुकुंदाशी, वाजलं. भरल्या ताटावरून उठला तो थेट मठात आला आणि इथलाच झाला.

"राग गेला म्हणतोस?"

"मुळासकट. इथं आल्यापासून कुणाला वरच्या आवाजात बोललो नाही. कुणालाही विचारा."

बाबांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. टाकून दिला.

"कौसाबाईची घंटी फिरत नाही. चल, बघून येऊ. मीटर घे तुझा."

मठाचं दळण कौसाबाईच्या घरघंटीवर व्हायचं. घर मठाच्या मागच्याच अंगाला. दिगंबर झोळी खांद्याला लावून पुढे झाला. काम झटक्यात होईल, आणि मग बाबांना उत्तर द्यावंच लागेल, असा त्याचा हिशेब होता.

"दुकानात नेली की गरागरा फिरते," कौसाबाई सांगू लागली. "इथं आणली की नुसती हुं हुं करते. सासरी आल्यासारखी. पोरगा म्हणतो, परत करून टाक."

"बघतो. आधी सगळं बंद करा. फ्रिज, पंखा, टीव्ही, सगळं."

घर चिडीचूप झालं. सैपाकघरातल्या बोर्डावर शेजारी-शेजारी दोन सॉकेट होती. एकात घंटीची पिन, बटण बंद. दुसऱ्यात दिगंबरने मीटरच्या पिना घातल्या.

"किती दाखवतंय?" बाबांनी दारातूनच विचारलं.

"दोनशे एकतीस व्होल्ट. एकदम झकास. लाइनीत दोष नाही बाबा, घंटीच गेलीय."

"पिना तशाच धर. कौसाबाई, घंटी लाव."

घंटी घुमली. पातं काही फिरलं नाही.

"किती दाखवतंय?"

दिगंबरने आकड्याकडे पाहिलं. मग मीटरवर टिचकी मारून पुन्हा पाहिलं.

"...एकशे चाळीस."

"बंद कर, बाई. मोटर जळेल."

घंटी थांबली. आकडा चढला. दोनशे एकतीस.

दिगंबरने मीटरच्या पिना उपसल्या. "पण बाबा, कामाआधी घर बंद करायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"हात घालायला बंद करायचं," बाबा म्हणाले. "तार कशी आहे ते विचारायला नव्हे."

दिगंबरने कौसाबाईकडून इस्त्री मागून घेतली. सैपाकघरात लावली, आकडा एकशे नव्वदवर आला. तीच इस्त्री पुढच्या खोलीत लावली, तर दोनशे सव्वीस. म्हणजे पुढच्या खोलीपर्यंत वीज धड येत होती. घोटाळा मधेच कुठेतरी होता.

त्याने मेन स्विच पाडला, तारांत वीज नाही याची खात्री केली आणि स्टुलावर चढून मधल्या दारावरची तारांच्या जोडाची डबी उघडली. जळका वास आला. सैपाकघर मागाहून बांधलेलं. त्यासाठी तार वाढवताना कुणीतरी न्यूट्रलच्या तारेचे दोन पदर नुसते एकमेकांवर वळवून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी चांगली जाड, नीटनेटकी. आत सगळं काळं पडलेलं आणि तारेच्या दोन-तीन काड्यांवर जोड टिकून होता.

"वरून बघितलं तर कोण म्हणेल, आत जळलंय," दिगंबर पुटपुटला.

बाबा स्टूल धरून उभे राहिले.

जळका भाग कापून, तार स्वच्छ खरवडून त्याने जोड नव्याने केला, स्क्रूने घट्ट आवळला, ओढून पाहिला. मेन चढवला. बाबांनी सांगायच्या आधीच म्हणाला, "कौसाबाई, फ्रिज लावा. पंखा लावा. आता घंटी."

पातं फिरलं. घंटीत ज्वारी ओतली तसा खालच्या डब्यात पिठाचा पहिला फवारा पडला.

"किती दाखवतंय?"

"दोनशे बावीस. हलत नाही." दिगंबरच्या कपाळावर पीठ उडालं होतं. पुष्कळ दिवसांनी तो हसला. "झालं बाबा. आता दीक्षेचं बोला."

"बोलू की. उद्या मठात मुकुंदा येतोय जेवायला. मी निरोप धाडला होता. पंगतीत तू वाढ."

दिगंबरच्या हातातला पेचकस खाली पडला.

"त्याला कुणी बोलवायला सांगितलं होतं? त्याच्या ताटात मी वाढू? ज्यानं मला भर पंगतीत, पोराबाळांसमोर..." घंटीच्या घरघरीवर त्याचा आवाज चढला. मानेची शीर तटतटली. "तुम्हाला काय माहीत तो काय बोलला ते?"

कौसाबाई घाबरली. दोघांना धड बोलता यावं म्हणून तिने घंटीच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे बाई, चालू राहू दे," बाबा म्हणाले.

त्यांनी वाकून पेचकस उचलला, धोतराला पुसला आणि मीटरकडे नव्हे, दिगंबरच्या तोंडाकडे बघत त्याच्या हातात दिला.

"किती दाखवतंय?"