खैरदऱ्याची अर्धी भाकरी

खैरदऱ्याच्या चर्चमधून दर शनिवारी सकाळी महिला मंडळाच्या बाया ज्वारीच्या पिठाचे डबे घेऊन गावात निघतात. ज्या घरात कमावणारे कोणी नाही, किंवा कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथे त्या जातात. मग ते घर मंडळीतले असो वा नसो. असे पुष्कळ ठिकाणी होते. खैरदऱ्यात मात्र पीठ देऊन कोणी दारातून परत फिरत नाही. बाई आत जाते, चूल पेटवते, भाकरी थापते आणि पहिली भाकरी मोडून तिचा अर्धा भाग तिथेच बसून खाते. गरिबाच्या घरी जाऊन त्याच्याच वाट्यातले खायचे, हे पाहुण्यांना विचित्र वाटते. आमच्या संडे स्कूलची मुले घेऊन आम्ही तिथे गेलो तेव्हा आम्हालाही वाटले. चर्चची देखरेख करणाऱ्या नोहातात्या साळव्यांनी पायरीवर बसून आम्हाला यामागची हकिगत सांगितली.

तात्यांच्या पणजीच्या तरुणपणी सलग दोन वर्षे पाऊस झाला नाही म्हणे. तेव्हा मंडळीतल्या बायांनी ठरवले की दळायला बसताना प्रत्येकीने मूठभर ज्वारी बाजूला काढायची. ती गोळा करून वाटण्याचे काम केरूबाईने अंगावर घेतले. केरूबाई तोंडाने फटकळ, पण कामाला वाघीण होती असे सांगतात. आपण धान्य देतो त्या घरांतली एकही चूल विझू देणार नाही, असे तिने उपासनेत सर्वांसमोर देवाला वचन दिले होते.

त्या घरांत एक घर कुंभारवाड्यातल्या काशीबाईचे होते. काशीबाई विधवा, आणि जवळ चार वर्षांची नात तानी. बाकीचा कुंभारवाडा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. केरूबाई दर शनिवारी जाई, अंगणात उभी राही, काशीबाईच्या पदरात ज्वारी ओती आणि निघे. केरूबाईची माणसे पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर राहिलेली. त्यांनी कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, त्यांच्या हातचे शिजवलेले कुणी खायचे नाही, कोरडे धान्य तेवढे चालते, अशी तेव्हा गावाची रीत. देवापुढे सगळी माणसे सारखी, हे केरूबाईने चर्चमध्ये शंभरदा ऐकले होते. तरी पाय अंगणातच थांबत.

चौथ्या शनिवारी काशीबाईने पदर बोटांनी न धरता मनगटांनी धरला आहे, हे केरूबाईच्या नजरेला आले. तानी दारात पाय पसरून बसली होती. तिचे पोट फुगलेले होते आणि ओठांना ज्वारीची टरफले चिकटली होती. केरूबाईने अंगणातूनच वाकून आत पाहिले. जात्याच्या खुंट्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळे विणले होते.

“काशीबाई, दळण कोण दळतं तुमचं?”

काशीबाईने पदराखालून हात काढले. महिन्यापूर्वी भट्टीवर दोन्ही पंजे भाजले होते आणि आता बोटे आखडून गेली होती. जाते ओढवत नव्हते, चूलही पेटवता येत नव्हती. आजी आणि नात भिजवलेली ज्वारी कच्चीच चावत होत्या. दोन दिवसांपासून तानीच्या पोटात तीही ठरत नव्हती.

“अगं बाई, मग सांगितलं का नाही?”

“कवा सांगू? तू अंगणातनंच माघारी जायचीस.”

केरूबाई उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. आपण आत आलो, आपल्या हातचे तुम्ही खाल्ले, तर भाऊबंद परतल्यावर तुम्हाला वाळीत टाकतील, असे तिने काशीबाईला स्पष्ट सांगितले.

काशीबाई म्हणाली, “भाऊबंद येतील तवा येतील. पोर आज हाये. ये आत.”

केरूबाईने जाळे झाडले आणि दळायला बसली. आधी तिने पिठाची पातळ पेज करून तानीला चमच्याचमच्याने पाजली. पोरीच्या पोटात ती ठरली तेव्हा भाकरी टाकली. पण काशीबाई खाईना. चार शनिवार तुझे घेतले आणि तुला घोटभर पाणीसुद्धा विचारले नाही, आधी तू खा, असा तिने हट्ट धरला. केरूबाईने इवलासा तुकडा मोडून तोंडात टाकला.

“माझ्या घरचं गळ्याखाली उतरंना व्हय?”

आपण घरून जेवून आलो आहोत, हे केरूबाईला कबूल करावे लागले.

“मंग उद्या उपाशी ये,” काशीबाई म्हणाली.

त्या दिवशी केरूबाईने अर्धी भाकरी नेटाने संपवली. उरलेली अर्धी तिने काशीबाईला आपल्या हाताने भरवली.

ते पीठ पुढे महिनाभर सरले नाही, असे काही जण सांगतात. यावर तात्या हसले. पीठ सरले, म्हणूनच केरूबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, असे ते म्हणाले. भाऊबंदांनी परत आल्यावर काशीबाईला खरेच वाळीत टाकले म्हणे. वर्षभर तिच्याशी कोणी बोलले नाही. पण तिने केरूबाईला पुन्हा अंगणात थांबू दिले नाही, आणि तानी जगली.

आजही शनिवारी पीठ घेऊन जाणाऱ्या बाया घरून काही खाऊन येत नाहीत. डबे उचलण्याआधी मंडळातली सर्वांत वडील बाई एवढेच विचारते, खाऊन कोण आले आहे? आम्ही होतो त्या शनिवारी नव्यानेच येऊ लागलेल्या एका बाईंनी चहाबरोबर दोन बिस्किटे खाल्ल्याचे सांगितले. कोणी रागावले नाही. त्यांच्या हातातला डबा दुसरीने घेतला, आणि त्या दिवशी त्यांनी चर्च झाडले.