नियम नववा

१९८३ सालचा माघ महिना, थंडी कडाक्याची. आमच्या सूतगिरणीत हौसाबाई तिसऱ्यांदा उशिरा आली. मॅनेजर राजाध्यक्षांनी नियमांचं जुनं पुस्तक उघडून सगळ्यांसमोर वाचलं, “नियम नववा. भोंगा झाल्यावर येणारा उशिरा. तीन उशीर झाले की कामावरून कमी.”

“साहेब, एसटीच उशिरा आली,” ती म्हणाली.

“पुस्तकात एसटी नाही. पुस्तकात आहे तोच कायदा.”

मी गेटवरचा वॉचमन. पुढं झालो.

“मग बाई वेळेत आली, साहेब. भोंगा दोन वर्षं बंद आहे. आजचा अजून व्हायचाय.”

कामगार तोंडाला फडकी लावून हसले. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि नवं छापायला धाडलं. हौसाबाई कामावर गेली.

माझ्या टायफॉइडात तिनं महिनाभर पेज पाठवली होती. त्या पेजेचं ऋण फिटलं.