हातोहात हस्तांतरण

डॉ. केळुसकरांच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षातून विद्यापीठाचं एकही संशोधन अजून कारखान्यात पोचलं नव्हतं. आज विद्यापीठाने शोधलेल्या नव्या गोंदाचा करार झाला नाही, तर कक्षाला कुलूप लागणार होतं. सरांच्या तळहातांना सकाळपासून घाम फुटला होता.

कारखानदार दौलतशेठांनी डबीतला गोंद काडीने कोरड्या तळहाताला फासला, काडी सहज सुटून आली आणि ते खो खो हसले. "सर, तुमचं संशोधन फक्त कागदाला चिकटतं! येतो आम्ही." त्यांनी तोच हात निरोपाला पुढे केला.

सर क्षणभर कचरले, मग त्यांनी तो घट्ट धरला. घामाची ओल लागताच गोंदाने पकड घेतली; हात सुटेचना. शिपाई ओढून ओढून दमला.

"अहो, सोडवा की!" शेठ किंचाळले.

"सोडवायचं द्रावण आहे ना, शेठ," सर अदबीने म्हणाले, "पण ते वेगळं संशोधन. त्याचा करार वेगळा."

शेठांनी डाव्या हाताने दोन्ही करारांवर सह्या केल्या.