न भरणारा आड

“कुनी केली ही करणी, बुवा? तेवढं नाव सांगा. पुढचं मी बघतो.”

विश्वंभर डोईफोडे मठाच्या ओसरीवर बसले होते, पण त्यांचे हात स्वस्थ नव्हते. एकुलती लेक प्रणिता सातव्या महिन्यात होती आणि परवापासून तिचे डोळे पिवळे झाले होते. लेक नजरेसमोर राहावी म्हणून त्यांनी ती गावातच, उताराखालच्या आळीत दिली होती. त्या आळीत महिन्याभरात काविळीनं दोन माणसं गेली. दुसरी गेली ती प्रणितासारखीच पोटुशी होती.

गेनूबुवांनी पाण्यानं भरलेला तांब्या जवळ ओढून ठेवला.

“वरच्या आळीत एकाला न्हाई. सगळं खालीच. ही करणी न्हाई तर काय?”

“डॉक्टरला दाखवलं?”

“दाखवलं. म्हन्ले, मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. मी म्हन्लं, आधी बुवांना इचारावं.”

माणूस घाबरला की त्याला औषधाच्या आधी वैरी हवा असतो. विश्वंभर तर गावातले शहाणे समजले जात.

बुवांनी डोळे मिटले…

“तुझं नवं घर कसं हाय?”

प्रश्न विश्वंभरांना आवडला नाही. पण घराचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. गावात टाइल्सचा संडास पहिल्यांदा त्यांनीच बांधला होता, आणि आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते तो दाखवत.

“ब्येस हाय. सहा वर्सं झाली, कसला तरास न्हाई.”

“खड्डा भरला आसंल आता.”

“खड्डा कशाला? परसातला जुना आड आटूनच गेला व्हता. गवंडी म्हन्ला, दोन खड्डे काढू. मी म्हन्लं, येड्या, चाळीस हात खोल खड्डा बापजाद्यांनी काढून ठिवलाय. पाईप सोडून दिला त्यात. माझं बघून वरच्या आळीत आनखी चौघांनी तेच केलं.”

“आन् भरला न्हाई?”

“एक बोट वर आला न्हाई.” एवढ्या काळजीतही त्यांच्या आवाजात ऐट होती.

बुवांनी तांब्या उचलला. “वंजळ धर.”

तीर्थ असेल असं वाटून विश्वंभरांनी भक्तिभावानं ओंजळ पुढं केली. बुवांनी ती काठोकाठ भरली.

“सांडू नको.”

बोटं घट्ट आवळून विश्वंभर बसून राहिले. बुवाही बसून राहिले…

बऱ्याच वेळानं बुवांनी विचारलं, “सांडलंस?”

“न्हाई.”

“पिलास?”

“न्हाई, बुवा.”

“मग गेलं कुठं?”

विश्वंभरांनी खाली पाहिलं. ओसरीच्या फरशीला उतार होता. पाण्याची एक बारीक रेघ त्यांच्या मांडीखालून निघून पायरीपर्यंत गेली होती आणि पायरीवरून खाली उतरत होती.

ते त्या रेघेकडं बघतच राहिले…

खालची आळी जिचं पाणी पीत होती ती विहीर त्यांच्या परसापासून हाकेच्या अंतरावर होती. हाकेच्या अंतरावर, आणि उताराला. आड आणि विहीर, दोन्ही त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. सहा वर्षांत हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

“बुवा… म्हंजे आमचं घाण पानी… ती गेलेली पोटुशी पोर…”

इतका वेळ त्यांना दुसऱ्या कुणाची तरी भीती वाटत होती. आता स्वतःच्या हातांकडं बघवत नव्हतं.

“लेकीला आत्ताच जीप करून नेतो.”

“ने.”

“पाईप आजच तोडतो. त्या चौघांनाबी तोडायला लावतो.”

“तोड.”

विश्वंभर उठले. पायरीपर्यंत गेले, थांबले आणि परत आले. खाली बसून त्यांनी बुवांचे पाय धरले. आवाज अगदी बारीक झाला होता.

“पन खालच्या आळीला एवढ्यात सांगू नका. दोन मयती झाल्यात, बुवा. लोक मला जित्ता सोडायचे न्हाईत. पोरीला सासरच्या दारात उभं करायचे न्हाईत. आठ दिस थांबा… मग मीच सांगतो.”

बुवांनी हळूच पाय सोडवून घेतले. उन्हं कलली होती. अंगणात ऊन कुठवर आलंय ते त्यांनी पाहिलं…

“बाया पान्याला निघाल्यात, विश्वंभर.”