डोंगरावरचं बीळ

कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर माणूस पोचायच्या आधीची गोष्ट. पूर्वेच्या किनाऱ्यावर तांबी नावाची खेकडी राहायची आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर तिची मैत्रीण निळी. वादळं नेहमी पूर्वेकडूनच यायची, म्हणून तांबी दरवर्षी मधल्या डोंगरावर बीळ खणून ठेवायची.

"कशाला गं एवढे हाल? माझ्याकडेच ये की राहायला," निळी कळवळून म्हणायची. "डोंगर आहे ना मध्ये, आमच्याकडे वादळ फिरकतसुद्धा नाही."

एका वर्षी वादळ बेटाला वळसा घालून पश्चिमेकडून आलं. निळीला डोंगराची वाटही ठाऊक नव्हती. तांबीच धावत खाली आली आणि तिला ओढत वर घेऊन गेली.

"एकटीसाठी एवढं मोठं बीळ?" निळीने आत शिरत विचारलं.

"एकटीसाठी कधी खणलं गं? दरवर्षी दोघींपुरतंच खणते."