सोनकणाचा अंगरखा

जंगलात प्राण्यांनी नुकताच दवाखाना काढला होता, तेव्हाची गोष्ट. हरिणीच्या पोटात गाठ झाली. वैद्य सारसाने सोन्याच्या इवल्याशा कणाच्या पाठीवर औषध बांधलं, वर प्रथिनांचा अंगरखा चढवला आणि त्याला तिच्या रक्तात सोडताना बजावलं,

“बाळा, अंगरखा उतरवू नकोस. रक्तातल्या पहारेकरणी तुला परका समजतील.”

वाटेत तांबड्या पेशी हसल्या, “कोण गं हा मळकट?”

सोनकणाला ते फार लागलं. “मळकट? अगं, मी सोनं आहे!” म्हणत त्याने अंगरखा भिरकावला. क्षणभर तो लखलखला, आणि पांढऱ्या पहारेकरणीने त्याला गिळलं.

“मावशी, सोडा हो! हरिणीचं औषध आहे माझ्याकडे!”

“परके असंच सांगतात,” ती म्हणाली.

सोनं काही विरघळत नाही. त्यामुळे हरिणीच्या हृदयाचे मंदावत जाणारे ठोके त्याला शेवटपर्यंत ऐकावे लागले.